टिकेट ९ दिवसांचं, काम ६ तासांचं

आजच्या भागात मी माझीच एक चूक सांगणार आहे. तुमचा टीम लीड शेजारी बसला असेल, तर एक हेडफोन त्यालाही द्या.

डेव्हलपरचं काम कशामुळे रखडतं, असं कुणालाही विचारा. उत्तरं ठरलेली आहेत: मोबाइल, रील्स, चहाच्या चकरा, वर्क फ्रॉम होम. मीही हेच म्हणायचो. मग गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक प्रकरण झालं.

कॉलेजमधून थेट आलेला एक मुलगा आमच्याकडे होता. चार-पाच महिन्यांतच त्याच्यावर शिक्का बसला, 'स्लो आहे.' कारण काय, तर एक साधं टिकेट बंद करायला त्याला ९ दिवस लागले. मॅनेजरने मला विचारलं, "याचं प्रोबेशन वाढवायचं का?" मी म्हटलं, दोन दिवस द्या, बघून सांगतो.

मी त्या टिकेटची सगळी हिस्टरी उघडली आणि वहीत हिशोब मांडला. कोड लिहायला लागले साधारण ६ तास. मग बाकीचे दिवस गेले कुठे? टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस मिळायला दीड दिवस. क्लायंटला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर यायला १ दिवस. कोड रिव्ह्यूच्या रांगेत ४ दिवस. तेवढ्यात मेन ब्रँच पुढे निघून गेली, म्हणून कॉन्फ्लिक्ट सोडवायला अर्धा दिवस. आणि पुन्हा रिव्ह्यूला एक-सव्वा दिवस.

ते ४ दिवस कोड ज्याच्याकडे पडून होता, तो रिव्ह्यूअर कोण? मीच.

मी त्याला विचारलं, "अरे, मला आठवण का नाही करून दिलीस?" तो म्हणाला, "दादा, तू सारखा कॉलवर असायचास. म्हटलं, उगाच त्रास कशाला."

खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मुद्द्यावर येऊ. तो मुलगा ते ४ दिवस रिकामा बसला होता का? नाही. त्याने आणखी दोन टिकेटं सुरू केली. आपण सगळे हेच करतो, आणि खरी गडबड इथेच सुरू होते.

एक साधं गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटल्स लॉ म्हणतात. समजा, मिसळीच्या हॉटेलातून तासाला ३० जण खाऊन बाहेर पडतात. रांगेतले आणि टेबलावरचे मिळून ६० जण आहेत. मग प्रत्येकाचे सरासरी २ तास जाणार. आता हेच टीमला लावा. आठवड्याला ५ टिकेटं बंद होतात आणि १० उघडी आहेत, तर एका टिकेटला सरासरी २ आठवडे. उघडी २० असतील तर ४ आठवडे. टीम तीच, मेहनत तीच. कुणी आळशी झालं नाही, फक्त अर्धवट कामं वाढली.

वरून डोक्याचा खर्च वेगळा. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं, की मनाचा थोडा भाग आधीच्या कामातच घुटमळत राहतो. तिने त्याला नाव दिलं अटेन्शन रेसिड्यू. कोडिंगमध्ये हे जास्त जाणवतं. कुठलं फंक्शन कुणाला कॉल करतंय, डेटा कुठून येतोय, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. मधेच "दोन मिनिटं आहेत का?" असा मेसेज आला, की तो डोलारा कोसळतो. मिनिटं दोनच जातात, पण परत उभारायला बराच वेळ लागतो.

मग मॅनेजर म्हणतात, माणसं वाढवू. आयबीएममध्ये मोठा प्रोजेक्ट सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच पुस्तकात लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टला माणसं जोडली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचा वेळ जातो. शिवाय ५ जणांत आपसांत बोलायच्या जोड्या होतात १०. १० जणांत त्याच जोड्या होतात ४५. विचारायला माणसं जास्त, म्हणजे वाट बघणंही जास्त.

आम्ही काय बदललं? स्टँडअप झाल्यावर आधी दुसऱ्याचा रिव्ह्यू, मग आपलं काम. एका माणसाकडे जास्तीत जास्त २ टिकेटं उघडी. पुल रिक्वेस्ट छोटी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला कंटाळा येत नाही. तासभर अडकलं की ग्रुपवर सरळ लिहायचं, 'अडकलोय.' आणि क्लायंटला प्रश्न विचारताना सगळं एकदाच नीट लिहायचं. आपल्याकडे सकाळचे ११ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. अर्धवट प्रश्न विचारला की एक अख्खा दिवस गेलाच.

सगळंच जमलं असं नाही. '११ ते १ कॉल नको' हा नियम दुसऱ्याच आठवड्यात मोडला. मोडणाऱ्यांत मीही होतो. पण रिव्ह्यूचा नियम टिकला, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

त्या मुलाचं काय झालं? वहीतलं ते पान मी मॅनेजरला दाखवलं आणि सांगितलं, "यातले ४ दिवस माझ्या नावावर लिहा." प्रोबेशन वाढलं नाही. आता तो सकाळी मलाच मेसेज करतो, "दादा, माझा रिव्ह्यू बाकी आहे."

तुम्हाला आजचा होमवर्क. तुमचं शेवटचं बंद झालेलं टिकेट उघडा. कागदावर दोन रकाने करा, एकात काम आणि दुसऱ्यात वाट बघणं. आणि जमलं तर हेही बघा, की तुमच्यामुळे कोण वाट बघत बसलंय.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पेंडिंग रिव्ह्यू आजच संपवा!