अब्बांची येझदी : किक मारण्याआधी

वडील गेल्यावर घराचे, शेताचे वाटप होते. पडवीत पोत्याखाली उभी असलेली मोटारसायकल मात्र सहसा कुणी हिशेबात धरत नाही. एखादा मुलगा ती मेकॅनिककडे नेतो आणि ती त्याची होऊन जाते. राहुरीत आमच्या घरी अब्बांनी चालवणे सोडल्यापासून त्यांची येझदी बारा वर्षे उभी होती. त्यांच्या इंतकालानंतर ती दुरुस्त करायचे ठरले, तेव्हा आम्ही आधी अम्मी आणि आपाला विचारले.

सूरह निसाच्या 7व्या आयतीने थोड्या मालमत्तेतही पुरुषांबरोबर स्त्रियांचा हिस्सा ठरवला आहे. जुनी गाडीही तरकाच आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (अम्मीचा मेहर बाकी असेल तर तेही कर्जच), मग एक-तृतीयांशाच्या आतली वसीयत. उरेल ते वारसांचे. समजा, आहे त्या स्थितीत गाडीचे 40 हजार येतात. अब्बांचे आई-वडील हयात नाहीत; मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. पत्नीचा आठवा हिस्सा 5 हजार. उरलेल्या 35 हजारांचे पाच भाग : मुलग्यांना प्रत्येकी 14 हजार, मुलीला 7 हजार. किंमत दुरुस्तीआधीची धरावी. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तो खुशीने सोडावा. भिडेने दिलेला होकार खरा होकार नव्हे.

आता गाडीकडे वळू. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने जावा बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचीच येझदी झाली. 1996 साली कारखाना बंद पडला. 2022 मध्ये हे नाव नव्या गाड्यांवर परत आले, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचे भाग जुन्या टू-स्ट्रोकला बसत नाहीत. म्हणून काढलेला एकही नट फेकू नये.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला लगेच किक मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, रात्रभर थांबावे आणि मग इंजिन हळूच फिरवून पाहावे. येझदीत गिअरचाच दांडा आत दाबून वळवला की किक होतो. नवख्याने जोर लावू नये. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाकावे, गंज काढावा, कार्बोरेटरचे जेट साफ करावेत. पेंड-कडब्याजवळ उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, सायलेन्सरमध्ये कुंभारमाशी घर करते, तेही पाहावे. क्रँकचे ऑइल सील कडक झाले असतील तर बदलावेत. तिथून हवा शिरली की इंजिन तापते आणि पिस्टन जाम होते. टायर, ब्रेक लायनर आणि केबल यांत काटकसर नको.

आपल्या भागातल्या उसापासून इथेनॉल बनते आणि आज ते पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. ते पाणी ओढून घेते आणि जुने रबर खराब करते. म्हणून पेट्रोलची नळी नवी घालावी, टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नये, आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायला विसरू नये.

कागदांशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत नमुना 31 भरून आरटीओकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. त्यासोबत इतर वारसांचे ना-हरकत शपथपत्र साधारणपणे मागतात. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हवेच.

शपथपत्रावर बहिणीची सही घेतली म्हणजे तिचा हिस्सा दिला, असे होत नाही. आरटीओला सही पुरते. अल्लाहपुढे हिशेब लागतो. क्रोम आणि रंगावर हजारो रुपये घालण्याआधी तिचे 7 हजार तिच्या हातात पडावेत. मग ती गाडी खुशाल रस्त्यावर आणावी. अब्बांची आठवण म्हणून ती सगळ्या भावंडांना सारखीच प्रिय राहील.