उसना श्वास

घरांतील माणसाला रुग्णालयांत ‘यंत्रावर घातलें’, हे शब्द कानीं पडतांच घरच्या मंडळींचा धीर सुटतो. एकदां यंत्रावर गेलेला माणूस पुन्हां उतरत नाहीं, अशी समजूत पुष्कळ घरीं रूढ आहे. ती यथार्थ नाहीं. श्वासयंत्र लावणें हें जसें एक शास्त्र आहे, तसेंच तें काढणें हेंहि एक शास्त्र आहे. आणि गेल्या तीस वर्षांत या दुसऱ्या शास्त्रानें आपली जुनी रीत बरीच पालटली आहे.

निरोगी माणसांत छाती व पोट यांच्यामधील स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खालीं ओढला जातो. छातीची पोकळी मोठी होते आणि बाहेरची हवा आपोआप आंत शिरते. न्युमोनिया, विषारी सर्पदंश किंवा मज्जातंतूंचा विकार यांमुळें हें काम जेव्हां शरीरास झेपत नाहीं, तेव्हां श्वासनलिकेंत नळी घालून यंत्राच्या दाबानें हवा आंत लोटतात.

या उपचाराच्या इतिहासांत १९५२ सालची कोपनहेगन येथील पोलिओची सांथ प्रसिद्ध आहे. आरंभीच्या आठवड्यांत श्वास बंद पडूं लागलेल्या ३१ रोग्यांवर त्या काळच्या उपकरणांनीं उपचार झाले. त्यांपैकीं २७ दगावले. तेव्हां ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें गळ्यास छिद्र पाडून त्यांत नळी बसविण्याचा व रबरी पिशवी हातानें दाबून हवा भरण्याचा मार्ग दाखविला. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें अहोरात्र त्या पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच उतरलें. आजच्या यंत्राचें काम तत्त्वतः तेंच आहे. तें रोग्याला श्वास उसना देतें. पण उसनें घेतलेलें केव्हां तरी परत करावयाचें असतें, आणि खरी कसोटी तेथेंच लागते.

प्लास्टरांत बांधलेला हात कांहीं आठवड्यांनीं सोडला म्हणजे तो कृश झालेला दिसतो, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. श्वासपटलाची गत याहून वाईट. २००८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्यांचें श्वासपटल १८ ते ६९ तास पूर्णपणें निष्क्रिय राहिलें होतें, अशा मेंदूमृत अवयवदात्यांच्या स्नायूंची तपासणी झाली. तेवढ्या अल्प काळांत त्या स्नायूंच्या तंतूंची जाडी, आडव्या छेदांत मोजली असतां, निम्म्याहून कमी भरली. शिवाय नळीच्या वाटेनें फुप्फुसांत जंतु शिरण्याचें भय असतेंच. म्हणून यंत्र गरजेपेक्षां एक दिवसहि अधिक ठेवणें ही सावधगिरी नव्हे. उलटपक्षीं घाईनें काढलेली नळी पुन्हां घालावी लागली, तर तेंहि धोक्याचें. या दोन संकटांमधून डॉक्टरांना वाट काढावयाची असते.

यंत्र सोडविण्याच्या क्रियेला इंग्रजींत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ मूल अंगावरून तोडणें असा आहे. पूर्वीची रीतहि नांवासारखीच होती. आज यंत्रानें मिनिटाला बारा श्वास द्यावे, उद्यां दहा, परवां आठ, अशी ती पायरीपायरीची उतरण. ही रीत मोठी ममतेची वाटे. १९९५ सालीं स्पेनमधील डॉक्टरांनीं तिची परीक्षा केली. यंत्र सुटण्याजोग्या वाटलेल्या ५४६ रोग्यांना त्यांनीं दोन तास स्वतः श्वास घेऊं दिला. त्यांतले ४१६ जण उत्तीर्ण झाले. म्हणजे चारांपैकीं तिघांना हळूहळू सोडविण्याची गरजच नव्हती! उरलेल्या १३० जणांवर निरनिराळ्या रीती योजल्या. तेव्हां, यंत्राचे श्वास क्रमानें घटविण्याच्या रीतीपेक्षां, दिवसांतून एकदांच स्वतंत्र श्वासाची संधि देण्याच्या रीतीनें रोगी सुमारे तिप्पट वेगानें मोकळे झाले.

ही दैनिक परीक्षा साधी असते. मूळ आजार ओसरूं लागला आहे, प्राणवायूची गरज उतरली आहे व रक्तदाब स्थिर आहे, एवढें पाहून यंत्राचा आधार अगदीं कमी करितात किंवा काढून घेतात. अर्धा तास ते दोन तास परिचारिका जवळ उभी राहून पाहते. श्वास मिनिटाला पस्तिसांच्या वर गेले, घाम फुटला, रोगी कासावीस झाला, तर परीक्षा तेथेंच थांबवून यंत्र पूर्ववत् सुरू करितात. थकलेल्या स्नायूला विश्रांति मिळते, दोष कोठें राहिला याचा शोध होतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां परीक्षा. उत्तीर्ण झालेल्याला खोकून कफ काढतां येतो कीं नाहीं, हें पाहून मगच नळी काढतात.

पण झोपलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा कशी घ्यावयाची? नळी सोसावी म्हणून रोग्याला गुंगीचें औषध चालूं असतें. अमेरिकेंतील ३३६ रोग्यांच्या एका अभ्यासांत निम्म्यांचें गुंगीचें औषध रोज सकाळीं थांबविलें, आणि ते जागे झाल्यावर श्वासाची परीक्षा घेतली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, या रीतीनें उपचार केलेल्या दर सात रोग्यांमागें वर्षअखेर एक जीव अधिक वाचला.

सर्वच रोगी सुटतात असें नाहीं. कित्येकांना आठवडे लागतात आणि त्यांच्या गळ्याला छिद्र करून नळी तेथें बसवावी लागते. कित्येकांचा मूळ रोगच बळावतो. तथापि दाराबाहेरच्या मंडळींनीं ‘यंत्र केव्हां निघणार?’ या प्रश्नाऐवजीं, ‘आज गुंगी उतरवून पाहिली का? आज श्वासाची परीक्षा झाली का? न जमल्यास कशामुळें?’ असें विचारावें. या प्रश्नांना डॉक्टरांपाशीं रोजचें उत्तर असतें. आंत जाण्याची परवानगी मिळाल्यास त्या परीक्षेच्या वेळीं ओळखीचा आवाज उशाशीं असावा. घाबरलेला माणूस उथळ व जलद श्वास घेतो, आणि धीर आलेला संथ.

नळी स्वरतंतूंमधून गेलेली असल्यामुळें ती असेपर्यंत रोग्याला बोलतां येत नाहीं. ती निघाल्यावर पहिला शब्द घोगरा व पुसट येतो. बहुधा तो पाणी मागण्याचा असतो. आणि तें लगेच देतां येत नाहीं, कारण गिळण्याची शक्ति परत आली कीं नाहीं हें अगोदर पाहावें लागतें. तेवढी कळ मात्र सर्वांनीं सोसावी. मागणारा आतां स्वतःच्या श्वासानें मागत असतो.