नवा मोबाइल घेताना : रॅम किती, स्टोअरेज किती?

मुंबई, प्रतिनिधी

मोबाइलच्या दुकानात खोक्यावर ‘६+१२८’, ‘८+२५६’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. किंमत ठरते ती याच आकड्यांवर. पण त्यांचा नेमका अर्थ मात्र अनेकांना ठाऊक नसतो. परिणामी काही जण गरज नसलेल्या जीबींसाठी पैसे मोजतात, तर काहींचा मोबाइल दोन वर्षांतच ‘जागा शिल्लक नाही’ असे सांगू लागतो. संगणकात नंतर रॅम वाढवण्याची सोय बहुधा असते. मोबाइलमध्ये मात्र रॅम आणि स्टोअरेज या दोन्हींच्या चिप सर्किटवर कायमच्या जोडलेल्या असतात. त्यामुळे खरेदीच्या वेळी झालेली चूक पुढे दुरुस्त करता येत नाही.

ओटा आणि कोठी

स्वयंपाकघराचे उदाहरण घेतले, तर रॅम म्हणजे ओटा आणि स्टोअरेज म्हणजे कोठी. ओटा मोठा असेल, तर एका वेळी अनेक कामे हाताशी मांडता येतात. काम संपले की ओटा रिकामा होतो. रॅममध्ये त्या क्षणी सुरू असलेली अॅप्लिकेशन्स राहतात आणि मोबाइल बंद होताच ती पुसली जाते. छायाचित्रे, चित्रफिती, संदेश, अॅप्लिकेशन्स आणि खुद्द मोबाइलची कार्यप्रणाली यांचा मुक्काम असतो तो कोठीत, म्हणजे स्टोअरेजमध्ये. बोलणे, संदेश, बँकेचे व्यवहार आणि नकाशा एवढेच काम असणाऱ्यास आज ६ जीबी रॅम पुरते. मोबाइल चार-पाच वर्षे वापरायचा असेल, तर ८ जीबी घेणे शहाणपणाचे. १२ किंवा १६ जीबीची गरज प्रामुख्याने अवजड गेम खेळणाऱ्यांना, मोबाइलवरच चित्रफिती संपादित करणाऱ्यांना किंवा कृत्रिम प्रज्ञेच्या सुविधा मोबाइलवरच चालवणाऱ्यांना भासते.

जाहिरातीत ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले आढळले, तर दुसरा आकडा खऱ्या रॅमचा नसतो. स्टोअरेजचाच एक भाग तात्पुरता रॅमसारखा वापरण्याची ती सोय असते. स्टोअरेजचा वेग रॅमपेक्षा पुष्कळच कमी असल्याने तिचा लाभ मर्यादित राहतो आणि कोठीतील जागा मात्र जाते.

१२८ जीबी कुठे जातात?

खोक्यावरील १२८ जीबी ग्राहकाच्या वाट्याला पूर्ण येत नाहीत. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. काही यंत्रणा मात्र १०२४च्या पटीत मोजतात. या दुसऱ्या हिशेबाने १२८चे सुमारे ११९ होतात. त्यातून कार्यप्रणाली आणि कंपनीने आधीच घातलेली अॅप्लिकेशन्स मिळून साधारण पंधरा-वीस जीबी किंवा त्याहूनही अधिक जागा व्यापतात. शिवाय स्टोअरेज काठोकाठ भरले की मोबाइल मंदावतो. म्हणून दहा ते पंधरा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी. थोडक्यात, हाती उरतात ते ८०-९० जीबी.

आता खर्चाची बाजू. महिन्याला पाचशे छायाचित्रे काढली आणि प्रत्येकी तीन ते चार एमबी धरले, तर वर्षाला सुमारे २० जीबी लागतात. ‘फोर के’ दर्जाच्या एका मिनिटाच्या चित्रफितीस आधुनिक संक्षेप पद्धतीतही १७० एमबीच्या आसपास जागा लागते. म्हणजे अर्ध्या तासाच्या विसर्जन मिरवणुकीला पाच जीबी. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील एखादा विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मुलाखती घेत असेल, तर तासाभराचे ध्वनिमुद्रण साधारण ६० एमबीत बसते. तीच मुलाखत ‘फुल एचडी’ चित्रफितीत टिपली, तर साडेतीन जीबींहून अधिक जागा जाते. चित्रीकरण फारसे न करणाऱ्यास १२८ जीबी पुरतात. मुलाबाळांच्या चित्रफिती साठवणाऱ्या कुटुंबाने २५६ जीबी घ्यावेत.

वेगही पाहावा

स्टोअरेजच्या आकाराइतकाच त्याचा प्रकार महत्त्वाचा. स्वस्त मोबाइलमध्ये ‘ईएमएमसी’ प्रकार असतो. त्याची कमाल गती सेकंदाला ४०० एमबी. ‘यूएफएस’ प्रकार त्याच्या कितीतरी पुढे असून ‘यूएफएस ३.१’ची वाचनगती सेकंदाला सुमारे दोन हजार एमबीपर्यंत जाते. मोबाइल सुरू होणे, अॅप्लिकेशन उघडणे यांतील फरक हातात घेताच जाणवतो. खोक्यावर हे बहुधा नसते. कंपनीच्या संकेतस्थळावरील तांत्रिक तपशिलात ते पाहावे.

कार्ड आणि क्लाउड

मेमरी कार्डाचा मार्ग स्वस्त असला, तरी आयफोनसह अनेक मोबाइलमध्ये कार्डाची खाच नसते. काहींत दुसरे सिमकार्ड काढूनच ते घालावे लागते. कार्डावर छायाचित्रे ठेवता येतात. बहुतेक अॅप्लिकेशन्स मात्र मूळ स्टोअरेजमध्येच राहतात. क्लाउडचा आधारही पूर्वीसारखा फुकट नाही. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. २०२४मध्ये अँड्रॉइडवरील व्हॉट्सअॅपचा बॅकअपही गुगलच्या मोफत १५ जीबींतच मोजला जाऊ लागला.

कचऱ्याचा हिशेब

सप्टेंबर २०१४मध्ये भारतात ‘अँड्रॉइड वन’ योजनेखालील मोबाइल आले, तेव्हा त्यांत १ जीबी रॅम आणि ४ जीबी स्टोअरेज होते. आज त्यात कार्यप्रणालीही मावणार नाही. अॅप्लिकेशन्सचा आकार वाढतच जातो. काही कंपन्या आपल्या महागड्या मोबाइलना सात वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत करून देण्याची हमी देतात. जागाच उरली नाही, तर ती हमी निरुपयोगी ठरते. त्यात २०२५च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांची मागणी वाढून मेमरी चिप जगभर महागल्या. साहजिकच प्रत्येक जादा जीबीचा हिशेब वर्षांच्या भाषेत करायला हवा : दोन-तीन हजार अधिक देऊन मोबाइल आणखी दोन वर्षे टिकला, तर तो सौदा स्वस्तच.

हा हिशेब केवळ खिशाचा नाही. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आले आहे. जानेवारी २०१६मध्ये तेथे लागलेल्या आगीच्या धुराने शहर कोंडले होते. मोबाइलमध्ये जड धातू असतात आणि लिथियमची बॅटरी चेपली गेली तर पेट घेऊ शकते. म्हणून तो घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुना मोबाइल स्वतःची माहिती पुसून अधिकृत संकलन केंद्रात द्यावा.

दुकानात जाण्यापूर्वी हातातील मोबाइलच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोअरेज’ उघडून पाहावे. इतक्या वर्षांत किती जागा भरली, हे तेथे दिसते. दरवर्षाची वाढ काढावी, तिला नवा मोबाइल जितकी वर्षे वापरायचा तितक्यांनी गुणावे आणि त्यावर कार्यप्रणालीची व मोकळी ठेवायची जागा धरावी. येणाऱ्या आकड्याहून लगेच मोठा पर्याय निवडावा. पैसे उरले, तरच रॅमच्या वरच्या आकड्याचा विचार करावा.