तैलवाळूतील जड तेल व त्याचे पाण्यातील वर्तन

तेल पाण्यावर तरंगते, या गृहीतावरच तेलगळती-नियंत्रणाची रूढ पद्धत उभी आहे. तवंग तरंगत्या अडसरांनी अडवावयाचा व वरचेवर काढून घ्यावयाचा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील तैलवाळूपासून मिळणाऱ्या बिट्यूमेनच्या बाबतीत मात्र हे गृहीत अपुरे ठरते.

बिट्यूमेन हा डांबरासारखा घट्ट व चिकट पदार्थ होय. त्याची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. मूळ स्वरूपात तो नळवाहिनीतून वाहत नाही. म्हणून त्यात हलके द्रवरूप हायड्रोकार्बन, सामान्यतः 30 टक्क्यांच्या आसपास, मिसळतात. हे मिश्रण पाण्याहून हलके असल्याने सांडल्यावर प्रथम तरंगतेच. परंतु बेंझीनसारखे हलके घटक लवकर उडून जातात आणि मागे उरलेले तेल अधिकाधिक दाट व चिकट होत जाते. केवळ बाष्पीभवनाने ते गोड्या पाण्यात बुडेलच असे नाही. खळाळत्या प्रवाहात मातीचे कण त्यास चिकटले, की मात्र त्याचे गोळे तळाशी जातात. ही बाब बहुधा दुर्लक्षिली जाते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्शल या गावाजवळ 25 जुलै 2010 रोजी एनब्रिज कंपनीची नळवाहिनी फुटली. गळती लक्षात येण्यास 17 तासांहून अधिक काळ लागला. दरम्यान नियंत्रण कक्षाने पंप दोनदा पुन्हा सुरू केले होते. सुमारे 32 लक्ष लिटर तेल टॅलमॅज ओढ्यातून कॅलमझू नदीत पोहोचले. नदीस तेव्हा पूर होता, म्हणजे गाळ व खळबळ दोन्ही विपुल होती. तवंग काढून झाल्यावरही तळातील तेल उरले. गाळ ढवळला असता ते वर येई व पुन्हा बसे. अखेर 2013 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने नदीचा गाळ उपसण्याचा आदेश दिला. हा उपाय निर्धोक नव्हे. गाळासोबत तळातील जीवसृष्टीही उपसली जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने 2015 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात, अशा तेलाचे गुणधर्म सांडल्यानंतर काही दिवसांतच बदलू लागतात, हे नमूद केले. म्हणूनच नळवाहिनीतून नेमके कोणते तेल वाहते, हे प्रतिसाद-आराखड्यात आधीच नोंदवावे, अशी शिफारस समितीने केली.