दौलताबादच्या सहलीआधी मुलांना हे सांगा

लातूरकडच्या शाळांच्या सहली दौलताबाद-वेरूळला जातात. चांद मिनार, खंदक, अंधारी वाट, सगळं पोरं बघतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 1934 सालची भेट मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत किल्ला बघायला आले. तोंडं धुळीनं माखलेली, दाराजवळ पाण्यानं भरलेला हौद. त्यांच्यापैकी काहींनी तोंड-पाय धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी आत सोडलं, ते आतल्या पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई! सार्वजनिक पाण्याच्या हक्कासाठी महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलंय. लहान मुलांना त्यातला मसूर स्टेशनवर उतरल्यानंतरच्या प्रवासाचा प्रसंग आधी सांगा. तिथं बाबासाहेब त्यांच्याच वयाचे आहेत, वडिलांना भेटायला निघालेले. सोबत भरपूर खाणं, पण पाणी कुणी देईना, म्हणून रात्री उपाशीच झोपले. मला तर चरित्रातल्या पदव्यांच्या यादीपेक्षा हा प्रसंग कितीतरी मोलाचा वाटतो.

2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती आठवण लातुरात घरोघरी आहे. तेव्हा पाणीच नव्हतं. बाबासाहेबांच्या त्या प्रवासात होतं, तरी मिळालं नाही. हा फरक मुलांनाच शोधू द्या.

7 नोव्हेंबरला, बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी, विद्यार्थी दिन असतो. सहली त्यानंतरच निघतात, तेव्हा त्या दिवशी वर्गात एक तास यासाठी ठेवा.