कचऱ्यातला मिथेन आणि रायपूरचे गणित

शहराच्या कचऱ्याचा विचार सामान्यतः स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य या दोन अंगांनी केला जातो आणि घरासमोरचा कचरा वेळेवर उचलला गेला, रस्ते झाडले गेले, म्हणजे व्यवस्था चांगली असे मानले जाते. वातावरणाच्या दृष्टीने मात्र त्याच कचऱ्याचा हिशेब निराळ्या रीतीने मांडावा लागतो, कारण कचरा किती उचलला यापेक्षा उचललेला कचरा पुढे हवेच्या संपर्कात कुजला की हवेवाचून, यावर त्यातून निघणाऱ्या हरितगृह वायूंचे प्रमाण ठरते. नागपूरच्या पूर्वेस वसलेले, भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी कुटुंबांचे वास्तव्य असलेले आणि 2011 च्या जनगणनेत दहा लाख लोकसंख्येचा टप्पा ओलांडलेले रायपूर हे छत्तीसगडचे राजधानीचे शहर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. कचरा वर्गीकरणाचा एक यशस्वी प्रयोग त्याच राज्यात झालेला आहे, सुक्या कचऱ्याचे इंधन वापरू शकणाऱ्या सिमेंटच्या भट्ट्या जवळपास आहेत आणि खताची गरज असलेली धानाची शेती शहराच्या वेशीपासूनच सुरू होते.

हवेवाचून कुजणे

भाजीपाल्याची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न यांसारख्या ओल्या कचऱ्यातील कर्बयुक्त पदार्थांचे जिवाणूंकडून विघटन होते. प्राणवायू मिळत असेल तर या विघटनातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हा कार्बन वनस्पतींनी थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असल्यामुळे त्याच्या परत जाण्याने वातावरणात नवी भर पडत नाही. परंतु हाच कचरा उंच ढिगाखाली दाबला गेला, की आतला प्राणवायू काही दिवसांतच संपतो आणि प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. त्यांतील एक गट पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फोडून आम्ले तयार करतो, दुसरा या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन बनवतो, आणि शेवटी मिथेनजनक आदिजीव त्यांचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. या अवस्थेला पोहोचलेल्या ढिगातून निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड असतो.

मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो, परंतु तेवढ्या काळात तो उष्णता फार प्रभावीपणे अडवतो. समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडशी तुलना केली असता शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीवरील परिणाम सुमारे 28 पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत सुमारे 80 पट भरतो. भारताच्या 2020 सालच्या राष्ट्रीय हिशेबात एकूण हरितगृह वायू उत्सर्जनातील कचरा आणि सांडपाण्याचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. हा आकडा लहान दिसतो. पण तो शंभर वर्षांच्या मापाने काढलेला असून येत्या दोन-तीन दशकांतील तापमानवाढीचा विचार केला, तर त्यातील मिथेनचे वजन पुष्कळ वाढते.

एका टनाचा हिशेब

हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने कचऱ्यातून निघणारा मिथेन मोजण्यासाठी एक पद्धत आखून दिली आहे. तिच्या आधारे एक टन अन्नकचऱ्याचे गणित सहज मांडता येते. अशा कचऱ्यात कुजू शकणारा कार्बन ओल्या वजनाच्या सुमारे 15 टक्के, म्हणजे 150 किलो धरला जातो. त्यातील निम्म्याचेच ढिगात प्रत्यक्ष विघटन होते आणि निघालेल्या वायूत निम्मा मिथेन असतो, म्हणून मिथेनच्या रूपाने बाहेर पडणारा कार्बन साधारण 37 किलो उरतो. कार्बनचा अणुभार आणि मिथेनचा रेणुभार यांचे गुणोत्तर 12 ला 16 असे असल्याने त्याचा सुमारे 50 किलो मिथेन होतो. पाच मीटरहून खोल पण अव्यवस्थित अशा कचरा डेपोत वरच्या थरांना थोडी हवा मिळते, हे लक्षात घेऊन 0.8 हा गुणक लावला, की उत्तर 40 किलो येते. शंभर वर्षांच्या मापाने हे उत्सर्जन सुमारे 1.1 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे आहे.

तोच एक टन कचरा हवा खेळती ठेवून खतात रूपांतरित केला, तर याच पद्धतीतील सरासरी गुणकांनुसार सुमारे 4 किलो मिथेन आणि पाव किलोहून किंचित कमी नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू बाहेर पडतो. दोघांचा मिळून परिणाम 180 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आतच राहतो, म्हणजे डेपोच्या तुलनेत साधारण सहावा हिस्सा. कचरा तोच, शहर तेच, वाहतुकीचा खर्चही जवळपास सारखाच; फरक पडतो तो विघटनाच्या पद्धतीमुळे.

रायपूरच्या हवामानामुळे हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उष्ण तापमान असलेल्या प्रदेशात अन्नकचरा इतक्या वेगाने कुजतो, की त्यातील कुजण्याजोगा निम्मा भाग साधारण दोन वर्षांत संपतो. कागदाला त्यासाठी दहा वर्षे आणि लाकडाला वीस वर्षे लागतात. मोसमी पावसाने भिजलेल्या उघड्या डेपोत म्हणूनच मिथेन लवकर आणि मोठ्या प्रमाणात तयार होतो, तर उन्हाळ्यात त्याच ढिगांना लागणाऱ्या आगींतून काजळी आणि विषारी धूर पसरतो.

सरोना ते संकरी

रायपूरचा कचरा अनेक वर्षे सरोना येथील मोकळ्या जागेत टाकला जात असे. पुढे संकरी येथे खाजगी भागीदारीतून दिवसाला सुमारे 500 टन क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि सरोन्याच्या जुन्या ढिगांचे जैवउत्खनन हाती घेण्यात आले. जैवउत्खनन म्हणजे साचलेला कचरा खणून, जिवाणूंचे द्रावण फवारून आणि वारंवार उलथून तो स्थिर करणे, आणि मग फिरत्या चाळण्यांमधून माती, दगड-विटा आणि जळाऊ पदार्थ वेगळे काढणे. या कामामुळे जमीन मोकळी होते आणि कचऱ्यातून झिरपून भूजलात उतरणारे काळे पाणी थांबते. मात्र जुन्या ढिगातील अन्नकचऱ्याचा बराचसा मिथेन आधीच हवेत गेलेला असल्यामुळे उत्सर्जनातील मोठी बचत रोज नव्याने येणारा ओला कचरा वेगळा ठेवण्यातच असते.

आणि येथेच यंत्रांची मर्यादा स्पष्ट होते. प्रक्रिया केंद्रात पोहोचलेला कचरा मिश्र असेल, तर ओल्या भागात काच, बॅटऱ्या आणि प्लास्टिकचे तुकडे मिसळून खत निकृष्ट होते आणि सुक्या भागाला ओल लागून त्याचे इंधनमूल्य घटते. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती धोकादायक असे तीन भाग करणे सक्तीचे केले, ते याच कारणासाठी. केंद्रातील महागड्या चाळण्या स्वयंपाकघरातील दुसऱ्या डब्याची जागा घेऊ शकत नाहीत.

अंबिकापूरचा अनुभव

छत्तीसगडच्या उत्तरेकडील सरगुजा जिल्ह्यात अंबिकापूर या शहराने असे वर्गीकरण यशस्वी होऊ शकते, हे सिद्ध करून दाखवले आहे. तत्कालीन जिल्हाधिकारी ऋतु सैन यांच्या पुढाकाराने आणि वेल्लूरचे सी. श्रीनिवासन यांच्या मार्गदर्शनाखाली 2015 च्या सुमारास तेथे बचतगटांतील स्त्रियांनी घरोघरचा कचरा गोळा करण्यास सुरुवात केली. गावभर लहान लहान वर्गीकरण केंद्रे उभारली गेली. तेथे टेबलांवर कचरा पसरून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, कठीण प्लास्टिक, काच, धातू असे अनेक प्रकार हाताने निवडले जातात, विक्रीयोग्य वस्तू भंगार बाजारात जातात आणि ओल्या कचऱ्याचे खत होते. शहराच्या जुन्या डेपोच्या जागी आता उद्यान आहे. या कामाचा विस्तार पुढे ‘मिशन क्लीन सिटी’ या नावाने राज्यभर झाला, ‘स्वच्छता दीदी’ हे या स्त्रियांचे नाव रूढ झाले आणि स्वच्छ सर्वेक्षणात छत्तीसगडने 2019 पासून सलग तीन वर्षे राज्यांमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पुण्यात कचरावेचक स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने त्याआधीच हाच मार्ग दाखवला होता: घराच्या दाराशी रोज तीच व्यक्ती येते, कुटुंबाशी तिची ओळख होते आणि चुकीच्या डब्यात पडलेली वस्तू तेव्हाच दाखवून देता येते.

दहा लाखांहून अधिक वस्तीच्या रायपूरला ही रचना जशीच्या तशी लागू होणार नाही. परंतु तात्यापारा आणि पुरानी बस्तीसारख्या जुन्या भागांत प्रभागनिहाय लहान केंद्रे आणि नव्या वसाहतींतून थेट प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या गाड्या, अशी मिश्र व्यवस्था आखता येते. तिच्यात वर्गीकरण करणाऱ्या स्त्रियांना नियमित वेतन, हातमोजे आणि विमा मिळणे हा दयेचा भाग नाही. वर्गीकरणाची गुणवत्ता त्यांच्याच डोळ्यांवर आणि हातांवर अवलंबून असते, तेव्हा हा खर्च प्रक्रियेचाच खर्च मानला पाहिजे.

वायू, खत आणि भट्टी

वेगळ्या झालेल्या ओल्या कचऱ्याला दोन वाटा मोकळ्या असतात. डूमरतराईची घाऊक भाजीबाजारपेठ किंवा शास्त्री बाजार येथून निघणारा कचरा जवळपास निर्भेळ ओला असल्याने तो बंद टाकीत कुजवून बायोगॅस काढण्यास सर्वांत योग्य ठरतो. टाकीत काम करणारे सूक्ष्मजीव डेपोतलेच असतात. पण तेथे मिथेन हवेत न जाता पकडला जातो आणि शुद्ध करून वाहनांत वापरता येतो. इंदूर येथे फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोजच्या 550 टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे 17,000 किलो वायू मिळवण्यासाठी आखलेला आहे, म्हणजे टनामागे सुमारे 31 किलो. डेपोतून निसटणाऱ्या 40 किलो मिथेनच्या जवळ जाणारा हा आकडा तेथे बसगाड्यांचे इंधन होतो. रायपूर आणि भिलाईसाठीही 2025 च्या सुरुवातीला भारत पेट्रोलियम, राज्याचे जैवइंधन विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात असे करार झाले आहेत. त्यांचे यश टाकीच्या आकारापेक्षा तिच्यात पडणाऱ्या कचऱ्याच्या शुद्धतेवर ठरेल, आणि टाकीच्या जोडांतून वायूगळती होत नाही ना, याची नियमित तपासणीही तितकीच आवश्यक राहील.

दुसरी वाट खताची. भाजीच्या कचऱ्यात नत्र जास्त आणि कार्बन कमी असतो, तर उत्तम खतासाठी कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण तीसास एक असावे लागते. रायपूरच्या भोवती धानकापणीनंतर शेतात उरणारा पैरा, म्हणजे पेंढा, कार्बनने समृद्ध असतो. तो मिसळला, की हे प्रमाण साधते आणि ढिगात हवेसाठी पोकळीही राहते. लांबट ढिगाचे आतील तापमान 55 ते 60 अंशांपर्यंत चढते, त्यात रोगजंतू आणि तणांचे बी मरते, आणि ढीग आठवड्याला उलथला तर मिथेन बनण्यास फारसा वाव उरत नाही. पावसाळ्यात मात्र वर छप्पर हवे, नाहीतर पोकळ्यांत पाणी भरून तोच ढीग लहानसा डेपो होतो. खत पूर्ण पक्व झाल्यावरच धानाच्या शेतात घालणे योग्य, कारण पाणी साचलेल्या बांधीत अर्धवट कुजलेले खत पुन्हा मिथेनच निर्माण करते.

पुनर्वापर होऊ न शकणारा सुका कचरा बारीक करून इंधन म्हणून वापरता येतो. असा इंधन प्रकल्प शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर उद्योगांनी आपल्या इंधनाचा किमान 5 टक्के भाग त्यातून घ्यावा, असे 2016 च्या नियमांत म्हटले होते. बलौदाबाजार-भाटापारा पट्ट्यातील सिमेंट कारखाने रायपूरपासून याच टप्प्यात येतात, आणि सिमेंट भाजताना लागणाऱ्या 1,450 अंशांच्या उष्णतेत कोळशाचा काही भाग त्यामुळे वाचू शकतो. प्लास्टिक जाळल्याने खनिज कार्बन बाहेर पडतोच, म्हणून हा पर्याय पुनर्वापरानंतरचाच समजावा.

या सर्वांवरून महापालिकेच्या हिशेबाची पद्धत बदलण्याची गरज स्पष्ट होते. रोज किती टन कचरा उचलला, या आकड्याशेजारी किती टन ओला कचरा वेगळा आला, त्यात इतर वस्तूंचे प्रमाण किती होते आणि त्यापासून किती खत व वायू मिळाला, हे तीन आकडे प्रभागनिहाय जाहीर झाले, तर नागरिकांनाही आपल्या डब्याचा परिणाम कळेल. ओला कचरा डेपोत जाणे आज थांबले, तर त्यातील अन्नकचऱ्याचा मिथेन दोन वर्षांत निम्म्यावर आणि चार वर्षांत चौथ्या हिश्श्यावर येईल. कोळशाच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. कचऱ्यातील मिथेन कमी केल्याचा लाभ मात्र एका महापालिकेच्या पाच वर्षांच्या मुदतीतच हाती येऊ शकतो, आणि म्हणूनच हे काम पुढच्या पिढीवर ढकलण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण नाही.