खिळे कोणी जुळवले?

मराठीतील स्त्रीलेखनाचा आढावा घ्यायला बसले की आमचे समीक्षक महदंबेच्या धवळ्यांपासून आरंभ करतात, मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांना वाटेत वंदन करतात आणि एका उडीत एकोणिसाव्या शतकातील ‘आत्मभाना’च्या उदयापाशी येऊन ठाण मांडतात, पुढची तीस पाने त्या आत्मभानाचे विश्लेषण चालते. या साऱ्या खटाटोपात पुस्तक छापले कोणी, पैसे कोणी घातले, प्रती किती काढल्या आणि किंमत काय ठेवली, हे प्रश्न विचारणे त्यांना गौण, किंबहुना ग्राम्य वाटते. मी हे प्रश्न अनेक वर्षे विचारीत आलो, आणि त्याबद्दल एका परिसंवादात एका विद्वानाने मला ‘छापखान्याचा कारकून’ अशी पदवी बहाल केली. ती मी सन्मानपूर्वक स्वीकारली आहे.

आरंभीच्या इतिहासात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. श्रीरामपूरचे १८०५ चे व्याकरण, मुंबईचा अमेरिकन मिशनचा छापखाना, गणपत कृष्णाजींचे १८३१ चे शिळाछापाचे पंचांग आणि शाईत चरबीऐवजी तूप घातल्याची ती प्रसिद्ध कथा, पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर, हे सारे वाचकांना पाठ आहे. छापील पोथी घरात आली तेव्हा बाईच्या वाट्याला बहुधा श्रवणच आले, एवढे नोंदवून पुढे जाऊ. १८५४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे ‘काव्यफुले’ निघाले आणि लगेच १८५५ मध्ये जोतीरावांच्या शाळेतील मुक्ताबाई या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त आला. त्या निबंधाचे तेज सर्वजण वाखाणतात. परंतु तो मिशनच्या नियतकालिकातूनच लोकांपुढे यावा, हा केवळ योगायोग होता काय, हे कोणी तपासत नाही. ज्यांना स्वतःचा छापखाना नव्हता त्यांना दुसऱ्याच्या छापखान्याचे दार ठोठवावे लागे, आणि कोणते दार उघडे आहे यावर कोणता मजकूर टिकणार हे ठरे. साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कादंबरी १८७३ ची. तिचे नाव आज वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेत कसेबसे आढळते.

माझा मुद्दा १८८२ या एका सालावरून जितका स्पष्ट होतो तितका कशानेच होत नाही. त्या वर्षी पुण्यात दोन स्त्रियांची दोन पुस्तके निघाली. पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीती’ने सुशिक्षित कुटुंबांतील मुलींना उपदेश केला, त्यामुळे सुधारकांच्या बैठकीत आणि शिक्षण खात्याच्या दप्तरात तिला स्थान मिळाले, तिच्या विक्रीच्या पैशांतून रमाबाईंनी पुढल्या वर्षीच्या विलायत प्रवासाचा खर्च भागवला. दुसरे पुस्तक बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याला ताराबाईंनी दिलेले ते खणखणीत उत्तर. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सारा’त ताराबाईंची बाजू घेतली, एवढी एक नोंद सोडली तर ते पुस्तक जणू विहिरीत पडले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले तेव्हा कोठे त्याला दिवस दिसला.

या विस्मरणाचे कारण म्हणून आमचे मित्र ताराबाईंच्या भाषेचा जहालपणा पुढे करतात. जहालपणा होताच, परंतु त्या काळी याहून जहाल निबंध पुरुषांनी लिहिले, ते खपले, त्यांच्या आवृत्त्याही निघाल्या. ताराबाईंपाशी वर्गणीदारांची यादी नव्हती, बक्षिसासाठी पुस्तके विकत घेणारे खाते त्यांच्या पाठीशी नव्हते, शहरातील ग्रंथविक्रेत्याशी जमाखर्च नव्हता. १८६७ च्या पुस्तक-नोंदणीच्या कायद्याने मुद्रक, प्रती, किंमत ही सारी माहिती सरकारात दाखल करणे बंधनकारक केले होते. अशा नोंदी आणि शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची शेजारी मांडून रुजुवात करण्याचे कष्ट घेतले, तर स्त्रीलेखनाचा एक वेगळाच नकाशा हाती येतो. परंतु सूची चाळण्यापेक्षा ‘संवेदना’ उलगडणे सोपे असते.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो. वाचकांनी थोडी सबुरी धरावी. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया आणि मुलींसाठी रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदन उभारले, त्याचे धार्मिक अंग हा वादाचा विषय झाला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्या वादाच्या धुरळ्यात तिथला छापखाना दिसेनासा झाला. विणकाम, शेती, गोठा यांच्या जोडीला तिथे मुद्रणाचे काम होते आणि ते स्त्रियाच करीत. ज्याने देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, कधी जुळवलेली नाहीत त्याला या वाक्याचे वजन कळणार नाही. रोमन लिपीच्या जुळाऱ्याला लहान-मोठी अक्षरे आणि अंक यांवर भागे. आमच्या जुळाऱ्यापुढे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांची शेकडो घरे मांडलेली असत. एक ‘र्त्य’ नीट बसवायचा तर नजर, बोटे आणि व्याकरण यांचे एकमत व्हावे लागे, आणि तेही उलट्या अक्षरांत. काही काळापूर्वी ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा मुली हे काम शिकल्या. संस्कृतज्ञ म्हणून कलकत्त्याने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले ते मात्र खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत (माझ्यासारख्या तत्समप्रिय माणसाने हे खाली मान घालूनच वाचावे). त्या भाषांतराची जुळणी, छपाई आणि बांधणी केडगावातच झाली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये निवर्तल्या; ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण झाला. लेखिका स्त्री, जुळारी स्त्री, बांधणी करणारी स्त्री, असा याहून मोठा मराठी ग्रंथ मला कोणी दाखवावा. वाङ्मयेतिहासात त्याला किती ओळी मिळतात ते वाचकांनीच पाहावे.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे, तो भराभर सांगतो. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ मासिकातून क्रमशः आली, पुस्तक व्हायला १९०३ साल उजाडले. १९०८ पासून तानूबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चार वर्षे चालवले. संपादक स्त्रियांच्या गौरवग्रंथांत हे नाव अभावानेच येते. १९१० मध्ये रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले. पहिले वाङ्मय आणि दुसरे स्वयंपाक, म्हणून एकाला प्रस्तावना आणि दुसऱ्याला तेलाचे डाग मिळाले. वस्तुतः पाककृतीच्या पुस्तकाने जितक्या घरांत बाईच्या नावाचे छापील पान नेले तितके कवितासंग्रहांनी नेले नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे कोण आहे यावरून रान उठले. त्या वेळी ह. वि. मोटे हे प्रकाशक मागे उभे राहिले नसते तर पुस्तकाचे काय झाले असते, याचा विचार टीकाकारांनी करावा.

तरुणपणी मुद्रिते घेऊन पुण्याच्या पेठांतील छापखान्यांत माझे जाणे-येणे असे. जुळारी बहुतेक पुरुष. शेजारी बाइंडरकडे मात्र ओळीने बायका बसलेल्या असत. छापलेला फर्मा मांडीवर ओढायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, लाकडी पट्टी फिरवून घडी बसवायची, आणि पाहता पाहता पुढचा ताव हाती यायचा. मजुरी शेकड्याच्या हिशेबाने मिळे. त्या पुस्तकांत स्त्रीमुक्तीवरची पुस्तकेही होती. आता खिळे भंगारात गेले, घड्या यंत्र घालते. त्याची हळहळ मी करीत बसत नाही. दुःख निराळे आहे. जुन्या लेखिकांची पुस्तके हल्ली पुनर्मुद्रित होतात ती चकचकीत वेष्टनात आणि चाळीस पानी प्रस्तावनेसह. मूळचे मुखपृष्ठ, मूळ मुद्रकाचे नाव, मूळची किंमत यांचा त्यात मागमूस नसतो. प्रस्तावनाकाराची छायाचित्रे मात्र असतात.

प्रकाशकांना माझी विनंती एवढीच की मूळ आवृत्तीचे पहिले पान जसेच्या तसे छापावे. त्याला एका पानाहून अधिक कागद लागत नाही. आणि वाचकहो, या दिवाळीत माळा झाडताना आजीच्या, पणजीच्या पेटीत एखादे फाटके पुस्तक निघाले तर ते रद्दीत घालण्यापूर्वी छापखान्याचे नाव, गाव, साल आणि किंमत यांची नोंद करावी आणि पुस्तक जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे.